शेपटी कशी हलते

रविवार, ९ फेब्रुवारी. दुपारचे चार वाजायला दहा मिनिटं कमी. दुकानाच्या माळ्यावर बसून तुझ्या पोहायच्या मास्कच्या जादा पट्ट्याला ट्यूबची पावडर चोळत होतो. ते अर्धवट ठेवून हे लिहायला घेतलं.

प्रिय दादा,

तू खाली आहेस आणि मी वर बसून तुला पत्र लिहितो आहे, हे कळल्यावर तू आधी हसशील. हसून घे. पुढे हसू येईलच असं नाही. आपल्यामध्ये फक्त एक लाकडी जिना आहे. तो उतरून यायचं आणि तुझ्यासमोर उभं राहून चार वाक्यं बोलायची, एवढंच काम होतं. ते काम मनात धरून मी कित्येक महिने तो जिना रोज उतरतो आणि खाली आलो की तुला विचारतो, चहा ठेवू का. म्हणून शेवटी कागद घेतला. शाळा नववीत सुटली तरी दुकानाच्या पाटीपासून बिलापर्यंत एक वेलांटी चुकू देत नाही, म्हणून तूच माझं नाव मास्तर ठेवलंस. तर आज मास्तर लिहितो आहे, आणि अक्षर नेहमीसारखं येत नाही. सांभाळून घे.

झरोक्यातून तू दिसतो आहेस. पंक्चर तपासायची पत्र्याची टाकी तू घासूनपुसून लख्ख केली आहेस, तिच्यापुढे गुडघे टेकले आहेस आणि मास्क लावलेलं तोंड पाण्यात घातलं आहेस. पाण्याबाहेर फक्त तोंडातली ती लाल नळी आणि तुझं टक्कल. वहिनी स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ काढून मांडीवर घेऊन बसली आहे. समोरचा इस्त्रीवाला मघाशी ओरडला, "काय शेठ, पंक्चर ट्यूबला आहे की डोक्याला?" तू तोंड वर न काढता त्याला हातानेच काय ते उत्तर दिलंस, आणि वहिनीने कपाळावर हात मारला. सगळी गल्ली हसली. मीसुद्धा हसलो. मग तू डोकं वर काढलंस, माळ्याकडे बघितलंस आणि मला अंगठा दाखवलास. शिष्य गुरूला विचारतो तसा, की जमतंय ना? मीही तुला अंगठा दाखवला. त्यानंतर मला पट्ट्याला पावडर लावता येईना.

येत्या शुक्रवारी सकाळी आपण दोघं बोटीवर असू. पाण्यात कुणी एकटं उतरायचं नाही, जोडीने उतरायचं, हा बोटीवरच्या गाइडचा नियम आहे. आणि पन्नाशी ओलांडलेला, कानाचं ऑपरेशन झालेला, पहिल्यांदाच येणारा माणूस असेल, तर त्याचा जोडीदार आधी जाऊन आलेला हवा. तू फोनवर त्याला छाती फुगवून सांगितलंस, "अहो, माझा भाऊ आहे की! तुमच्याच बोटीवर आला होता. व्हेल शार्क त्याच्या पुढ्यातून गेलाय." मी तेव्हा एका रिक्षाच्या चाकात हवा भरत होतो. तुझं बोलणं ऐकता ऐकता माझं काट्याकडे लक्ष राहिलं नाही, आणि रिक्षावाला ओरडला, "अरे, फोडतोस का काय!" तू मला त्या खोल पाण्यात तुझा जोडीदार म्हणून नेतो आहेस. तुझा हात माझ्या हातात असणार. तो हात कुणाचा आहे हे तुला आधी कळायला हवं.

पण मला सुरुवातीपासून सांगू दे. तुला घाई असते, आणि मला क्रम लागतो.

टायर कंपनीने ते कॅलेंडर दिलं तेव्हा मी अजून शाळेत होतो. दर महिन्याला एक जनावर. जानेवारीत हत्ती होता, मेमध्ये कसलंसं अस्वल. ऑगस्टचं पान उलटलं आणि तू हातातला पाना खाली ठेवलास. निळ्या पाण्यात ठिपक्याठिपक्यांचा तो अवाढव्य मासा, आणि त्याच्या बाजूला टाचणीएवढा माणूस पोहतो आहे. तू खालची बारीक अक्षरं मला वाचायला लावलीस. जगातला सगळ्यांत मोठा मासा, आणि खातो काय, तर पाण्यातले डोळ्यांनाही न दिसणारे बारीक जीव. तू म्हणालास, "बघ मास्तर. एवढं मोठं धूड, पण कुणाच्या अंगावर जात नाही. असं असावं माणसाने." सप्टेंबर आला, पण तू पान उलटलं नाहीस. मग वर्ष संपलं, कॅलेंडर तिथेच. आपल्या दुकानात तेव्हापासून ऑगस्टच चालू आहे. कुणी उधारी मागायला आलं की तू त्या भिंतीकडे बोट दाखवायचास, "अजून महिना कुठे संपलाय?"

तू त्या माशासाठी पैसे साठवत होतास हे मला फार उशिरा कळलं. बोटीचं तिकीट काढलंस, आणि त्यानंतर पंधरवड्यात ट्रकचं ते टायर फुटलं. तुझ्या डाव्या कानाचा पडदा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, कानात पाण्याचा एक थेंब जाता कामा नये. लहानपणापासून माशासारखा पोहणारा तू, अंघोळीला कानात तेलाचा बोळा घालून बसायला लागलास. बोटवाले पैसे परत द्यायला तयार नव्हते, पण नाव बदलून देतो म्हणाले. त्या दिवशी तू जेवताना जे बोललास ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "पैसे गेले तर गेले. पण आपल्या घरातल्या कुणीतरी तो बघायला हवा. तू जा. तुझ्याइतकं बारीक कोण बघतं? एकेक गोष्ट बघ, आणि येऊन मला सांग." वहिनी म्हणाली, "अहो, त्याला बादलीतल्या पाण्याची भीती वाटते." तू म्हणालास, "म्हणूनच."

तू मला तलावावर नेलंस. कानाला रुमाल बांधून काठावर बसायचास आणि तिथून ओरडायचास, "पाय मार, पाय! सायकल चालवतोयस काय?" तीन महिन्यांत मी पोहायला शिकलो. डोकं पाण्यात घालायलाही शिकलो. पण एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही, कारण तू काठावर होतास आणि माझं तोंड पाण्यात होतं. माझी जुनी खोड गेली नव्हती.

ती खोड तुला माहीत आहे. लहानपणी दवाखान्यात सुई दिसली की मी डोळे गच्च मिटायचो. तू माझं डोकं पोटाशी धरायचास, आणि सुई टोचून झाली की म्हणायचास, "उघड आता. झालं." तोंडी परीक्षेला बाईंनी उभं केलं तेव्हाही मी डोळे मिटले होते. येत असलेली कविता गेली, सगळा वर्ग हसला, आणि पुन्हा मी त्या शाळेच्या फाटकातून आत गेलो नाही. ट्रकचं टायर फुटलं तेव्हाही मी मिटलेच होते. उघडले तेव्हा तू कानावर हात धरून खाली बसला होतास आणि तुझ्या बोटांतून रक्त येत होतं. म्हणजे काय घडलं ते मी पाहिलंच नाही. माझ्या आयुष्यातल्या मोठ्या गोष्टी अशाच झाल्या आहेत, दादा. त्या होतात तेव्हा मी नसतो.

प्रवासाबद्दल मी तुला जे सांगितलं ते खरं आहे. रात्रभराची बस, खिडकी न उघडणारी ती लॉजची खोली, उशीच्या अभ्र्याला येणारा ओल्या टॉवेलचा वास. आयुष्यात पहिल्यांदा मी एकटा कुठेतरी गेलो होतो, आणि तेही काही आणायला-पोचवायला नाही, नुसता बघायला. लॉजवाल्याने विचारलं, काय काम काढलंत? मी म्हटलं, मासा बघायचा आहे. तो म्हणाला, बाजार सकाळी सहाला भरतो. हे सांगितल्यावर तू किती हसला होतास. ते खरं होतं.

मावशी मात्र मी तुला सांगितली नाही. बोटीवर आम्ही दहाबाराजण होतो, आणि गाइडने मला एका निवृत्त नर्सबाईंबरोबर जोडलं. सगळे त्यांना मावशी म्हणायला लागले, मीही. पासष्टीच्या असतील, माझ्यापेक्षा वीतभर उंच, आवाज वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असा. म्हणाल्या, "नवरा म्हणाला, निवृत्तीला सोन्याच्या पाटल्या करतो. मी म्हटलं, पाटल्या नको, मासा दाखव. तो बसलाय घरी गुडघे धरून, मी आले." गाइडने सगळ्यांना दोन-दोनदा समजावलं. माशाला हात लावायचा नाही. त्याच्या वाटेत जायचं नाही, कडेला राहायचं. जोडीदाराचा हात सोडायचा नाही. हात एकदा दाबला की ठीक आहे, दोनदा दाबला की बोटीकडे परत. मी ते सगळं मनात इतक्या वेळा घोकलं की मावशींनी विचारलं, "पुटपुटतोस काय रे? पेपर आहे का?"

मग वरून टेहळणी करणारा ओरडला, आला आला. आम्ही बोटीच्या काठावर बसलो आणि पाण्यात घसरलो. मी तोंड पाण्यात घातलं, आणि इथपर्यंत माझे डोळे उघडे होते, दादा, हे मी तुझी शपथ घेऊन सांगतो. खाली तळ नव्हता. उन्हाचे पट्टे वरून खाली जात होते आणि कुठेतरी खूप खोल एकत्र होत होते. शेजारून बुडबुडे वर जात होते. माझ्याच नळीत पाणी गेलं होतं आणि मी ते फुंकत होतो, त्याचे ते बुडबुडे. पण मला आपली टाकी आठवली. ट्यूब पाण्यात दाबायची, आणि बुडबुडे दिसतील तिथे भोक. मला वाटलं, हवा माझ्यातूनच जाते आहे. आणि तेवढ्यात समोरचा निळा रंग एका जागी गडद झाला. दुकानाएवढा गडद. मावशींनी माझा हात जोरात दाबला, आणि मी डोळे मिटले.

आता लिहिलं आहे, तर खोडणार नाही.

मी मासा पाहिला नाही. तो माझ्या शेजारून गेला. पाण्याचा एक जाड, सावकाश धक्का माझ्या छातीवर आला, पाय आपोआप एका बाजूला वळले, आणि मी डोळे मिटून मनात म्हणत होतो, जा, जा, जा. तू वर्षानुवर्षं ज्याचं पान उलटलं नाहीस, त्याला मी जा म्हणत होतो. मावशींनी दंड हलवला तेव्हा उघडले. समोर नुसतं निळं पाणी होतं.

बोटीवर आल्यावर सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, "तू डोळे मिटलेस ना रे?" मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं, मास्क तर होता. म्हणाल्या, "आयुष्यभर सुया टोचल्यात. डोळे मिटलेल्या माणसाचा दंड मला हाताला कळतो." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, होतं असं, चल पुन्हा. त्या सकाळी आणखी तीनदा मासा दिसला, दादा. तीनदा गाइड म्हणाला, चला. आणि तीनदा मी सांगितलं, पोटरीत गोळा आलाय. मी बोटीवर टॉवेल गुंडाळून बसलो, न दुखणारी पोटरी चोळत. लोकांनी मला लिंबू-सरबत दिलं, कुणी मलम दिलं, आणि मी ते लावूनही घेतलं.

मावशी दर वेळी निथळत वर यायच्या आणि माझ्या शेजारी बसून सांगायच्या. डोळा केवढासा, कोटाच्या बटणासारखा, एवढ्या मोठ्या डोक्याला शोभतच नाही. पाठीवर ठिपके आणि ठिपक्यांमधून फिकट रेघा, कुणी आखून दिल्यासारख्या. पोटाला लटकून चाललेले लहान मासे. तोंड उघडतं तेव्हा दुकानाचं शटर वर जावं तसं रुंद, आणि आत अंधार. मी विचारलं, तुम्ही हे मला का सांगता? म्हणाल्या, "घरी कुणीतरी वाट बघतंय ना? रिकाम्या हाताने कशाला जातोस? माझं घेऊन जा. फक्त सांगताना म्हण, मावशीने पाहिलं." मी हो म्हटलं होतं.

मी परत आलो त्या दिवशी तू भर दुपारी शटर अर्धं खाली ओढलंस. मला नव्या टायरांच्या चळतीवर बसवलंस, स्वतः खाली पोत्यावर बसलास, चांगला कान माझ्याकडे करून. वहिनी ताटातले तांदूळ निवडणं थांबवून दारात उभी राहिली. मी म्हणणार होतो, बरोबर एक मावशी होत्या, त्यांनी पाहिलं. पण तू म्हणालास, "डोळा कसा होता रे?" तुझं तोंड असं झालं होतं, जसं कुणी तुझ्यासाठी दूर देशातून काहीतरी आणलं आहे आणि ते आत्ता पिशवीतून निघणार आहे. मी म्हटलं, कोटाच्या बटणाएवढा. आणि मग थांबता आलं नाही. ठिपके, रेघा, शटर, सगळं माझं झालं. माझ्या गोष्टीतल्या बोटीवरून मावशी गेल्याच. तू मधे मधे मांडीवर थाप मारत होतास. आणि तू विचारलंस, शेपटी कशी हलते? ते मावशींनी सांगितलं नव्हतं. मी हाताने करून दाखवलं. वर-खाली, वर-खाली.

त्यापुढचं सगळं तुझ्यासमोर घडलं. तू ती गोष्ट दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलीस. चाक खोलताना सुरू करायचास आणि नट आवळताना संपवायचास, आणि गिऱ्हाईक निघालं तरी त्याच्या खिडकीला धरून शेपटी करून दाखवायचास. मी पाठमोरा होऊन ट्यूब घासत राहायचो. तू म्हणायचास, "लाजतोय. पहिल्यापासून असाच आहे." आणि मग शाळेचे ते विज्ञानाचे सर स्कूटरचं पंक्चर काढायला आले. तुझी गोष्ट त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "बाकी सगळं छान. पण माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते. वर-खाली हलते ती देवमाशाची, आणि तो मासा नव्हेच." तू तापलास. "सर, तुम्ही पुस्तकात पाहिलंत. माझ्या भावाने डोळ्यांनी पाहिलंय. लागली पैज, हरेल त्याने सगळ्यांना चहा." दुकानात बसलेले सगळे गोळा झाले. तू मला हाक मारलीस, "मास्तर, सांग रे, कशी हलत होती?"

तेव्हा मी सांगू शकलो असतो. सर माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत मला हरवायचा भाव नव्हता, खरंच. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, वर-खाली.  सर म्हणाले, "पाहिलं आहे म्हणता, तर मी काय बोलणार?" आणि आठ चहा सांगितले. ते सगळ्यांनी प्यायले, मीही प्यायलो. सरांनी जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, नशीबवान आहेस.

ते गेल्यावर मी कॉम्प्रेसरवरच्या त्या फोटोकडे पाहिलं. बोटीवरच्या फोटोवाल्याने पाण्याखालून काढलेला, तू चौकट करून लावलेला. त्यात मासा आहे, तू बोटीवरची कुणी बाई समजतोस त्या मावशी आहेत, आणि त्यांचा हात धरलेला मी आहे. माझ्या मास्कच्या काचेवर ऊन चमकतं आहे, म्हणून आतले डोळे कुणाला दिसत नाहीत. पण माशाची शेपटी स्वच्छ दिसते. ती उभी आहे, दादा. शिडाच्या बोटीच्या शिडासारखी सरळ उभी. उभी शेपटी वर-खाली हलूच शकत नाही. पैज लागली तेव्हा पुरावा आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर टांगलेला होता आणि कुणी मान वर केली नाही. तू केली नाहीस, कारण माझा शब्द असताना तुला फोटो बघायची गरज वाटली नाही. मला सगळ्यांत जास्त लाज कशाची वाटते म्हणशील, तर याची.

मग तुझं ऑपरेशन झालं, पडदा भरून आला, आणि डॉक्टरांनी सांगितलं, कानात बोळा घालून पाण्याच्या वरवर पोहायला हरकत नाही, खोल बुडी मात्र मारायची नाही. तू दवाखान्यातून थेट तिकिटं काढायला गेलास. दोन तिकिटं.

आता हे पत्र आजच का, ते सांगतो. दुपारी तुम्ही दोघं जेवून आडवे झाला होतात तेव्हा मी कोपऱ्यावर जाऊन गाइडला फोन केला आणि त्याला सगळं सांगितलं. आधी त्याला, मग तुला, असं मी मुद्दाम केलं. मी तुला ओळखतो. तुला आधी सांगितलं असतं तर तू मला एक धपाटा घातला असतास, हसला असतास, आणि म्हणाला असतास, "गप रे, कुणाला कळणार आहे, चल जाऊ." आणि तसाच माझा हात धरून पाण्यात उतरला असतास. तिथे तुझ्या कानात पाणी गेलं, तुला चक्कर आली, तू माझा हात दोनदा दाबलास, आणि मी डोळे मिटून जा, जा म्हणत असलो, तर? बोलून सांगितलं नाही तेही याच भीतीने. तू मला शेवटपर्यंत बोलू दिलं नसतंस, मधेच माफ करून टाकलं असतंस. गाइड चिडला. "हे आत्ता सांगतोस? नावं लागली सगळी." मग म्हणाला, तुझ्या दादांना मी स्वतः घेऊन उतरेन, माझ्या तरंगत्या कड्याला धरून. तेव्हा तुझं जाणं रद्द झालेलं नाही, घाबरू नकोस. फक्त तुझा जोडीदार आता मी नाही. मी बोटीवर थांबायचं की कड्याच्या दुसऱ्या बाजूला धरून तिसरा म्हणून उतरायचं, हे तू ठरवायचं, असं तो म्हणाला. तू थांब म्हणालास तर मी थांबेन, आणि या वेळी पोटरी चोळणार नाही. पण उतर म्हणालास, तर माझी एक विनंती आहे. लहानपणी तू नेहमी सगळं होऊन गेल्यावर सांगायचास, उघड आता, झालं. या वेळी होण्याआधी सांग. तो समोरून यायला लागला की माझा हात धरून दाब. मी माशाकडे बघू शकेन की नाही, माहीत नाही. पण तू त्याच्याकडे बघत असताना मी तुझ्याकडे बघेन. तेवढं मला जमेल असं वाटतं. तेवढं तरी मला माझ्या डोळ्यांनी बघू दे.

पत्र तुझ्या मास्कच्या डबीत ठेवतो आहे. पट्टा झाला की डबी खाली आणून देईन.

तुझाच,
मास्तर

ता. क. हिशेब. मागच्या वेळी दिलेल्या पैशांतून बस आणि लॉज वगळता फोटोला साडेचारशे गेले. ते माझ्या पगारातून कापून घे, फोटो मात्र राहू दे, त्यात मावशी आहेत. मलमाची किंमत देणाऱ्याने सांगितली नाही, ती तशीच राहिली. आणि विज्ञानाच्या सरांचे देणे आठ चहा. ते उद्या शाळा सुटायच्या वेळी मी स्वतः घेऊन जाईन, आणि शेपटी कशी हलते ते सगळ्यांसमोर हाताने करून दाखवेन. डावी-उजवीकडे.